४००० फूट आणि गोदरेजचं कपाट

१६६०० या क्रमांकाचं रोलेक्स सी-ड्वेलर, खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, १९८९च्या सुमारास बाजारात आलं आणि २००८ साली बंद झालं. एवढ्या वर्षांत बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्या शेजारचं रोलेक्सचंच सबमरीनर घेऊन घरी गेली. त्यात नवल नाही. दोन्ही ४० मिलिमीटरची, दोन्हींची डायल काळी, आत मशीनही तेच. पण सी-ड्वेलर जास्त जाड, जास्त महाग, आणि रोलेक्स म्हटलं की तारखेवरचा जो भिंगाचा फुगवटा डोळ्यांपुढे येतो, तो याला नाहीच. पैसे जास्त मोजायचे आणि चारचौघांत लांबून ते रोलेक्स आहे हे कळायचंही नाही, हा सौदा फार थोड्यांना पटला. त्या थोड्यांनी घेतलेली घड्याळंच आता हातोहात फिरतात आणि तेव्हा नाक मुरडणारे आज त्यांच्यासाठी रांगेत उभे असतात.

मला घड्याळांचं वेड आहे हे नात्यात आणि ओळखीत पसरल्यापासून लोकांची कपाटं माझ्यासाठी उघडायला लागली आहेत. बहुतेक वेळा आतून एचएमटी निघतं, कधी सासऱ्यांना लग्नात मिळालेलं फावर-ल्युबा. ‘याचे किती येतील?’ या प्रश्नाला माझं उत्तर सहसा ‘विकू नका, घाला’ असंच असतं, कारण येणार काहीच नसतं. पण मैत्रिणीच्या वडिलांनी गोदरेजच्या कपाटाच्या खालच्या खणातून, जुन्या पासपोर्टांच्या गठ्ठ्यामागून जे काढलं, त्यावर असं उत्तर देऊन भागणार नव्हतं. काका नौदलातून बाहेर पडल्यावर कंत्राटदारांकडे पाणबुड्या म्हणून कामाला होते, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात. नव्वदच्या दशकात एकदा सिंगापूरहून परत येताना हे घेतलं, बरीच वर्षं हातात घातलं आणि मग गुडघ्यांबरोबर तेही निवृत्त झालं.

घड्याळाच्या डाव्या कुशीला, नऊच्या बाजूला, केसमध्ये एक बारीक गोल चकती दिसते. ती हेलियमची झडप. ‘समुद्रात फार खोल गेलं की ही उघडते’ असं दुकानातली मंडळीसुद्धा छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात पाण्यात तिला काहीच काम नसतं. तिचं सगळं काम कोरड्यात.

समुद्रतळाशी पाइपलाइनवर काम करणाऱ्या माणसाला रोज खाली सोडून रोज वर आणणं जमत नाही. दाबाखाली अंगात वायू विरघळतो आणि वर येताना तो सावकाशच बाहेर काढावा लागतो. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. मात्र वायू अंगात एकदा पुरता मुरला, की खाली आणखी एक दिवस राहा नाहीतर वीस दिवस, वर यायला लागणारा वेळ तेवढाच. म्हणून या मंडळींना जहाजावरच्या पोलादी खोलीत तळाइतक्याच दाबाखाली ठेवतात. तिथून बंद डब्यात बसून तळाशी जायचं, पाळी संपली की पुन्हा खोलीत. खोलीतली हवा मुख्यतः हेलियम, सोबत गरजेपुरता ऑक्सिजन. कारण त्या दाबाला नायट्रोजन डोक्यात चढतो. हेलियममध्ये आवाज चिरका होतो आणि अंगाची ऊब भराभर निघून जाते, म्हणून खोली चांगलीच गरम ठेवावी लागते.

या खोलीत माणूस जेवतो, झोपतो, पत्ते कुटतो. घड्याळ हातातच असतं. पाणी अडवणारी रबरी कडी हेलियमला अडवू शकत नाहीत. त्याचे अणू इतके बारीक, की दिवसागणिक थोडे थोडे आत झिरपतात आणि शेवटी घड्याळाच्या आतही खोलीइतकाच दाब होतो. मुक्काम संपला की खोलीचा दाब उतरवायला घेतात, साधारण दर ३० मीटरला एक दिवस या हिशेबाने. घड्याळातला वायू मात्र तेवढ्या वेळात बाहेर पडू शकत नाही. काच बसवलेली असते बाहेरचा दाब झेलायला. आतून रेटा आला की ती टणकन उडते. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सीलॅब प्रयोगांत हेच लक्षात आलं. १९६७च्या पहिल्या सी-ड्वेलरपासून रोलेक्सने त्यावर ही स्प्रिंगची झडप दिली, आतला दाब जास्त झाला की आपोआप वायू सोडणारी. मार्सेयच्या कोमेक्स कंपनीच्या पाणबुड्यांनी ती घड्याळं वापरली. झडप हा एकच मार्ग होता असंही नाही. सेइकोने १९७५ साली व्यावसायिक पाणबुड्यांसाठी जे घड्याळ काढलं, त्यात हेलियम आत येणारच नाही अशी केस आणि अशी रबरं बसवली. मला विचाराल तर अभियांत्रिकी म्हणून सेइकोचं उत्तर जास्त नेटकं आहे. पण लिलावात झडपेची किंमत होते, रबराची नाही.

आणि एक गंमत. तळाशी काम करताना किती वेळ झाला, हे बघायला या पाणबुड्यांना घड्याळ लागतच नाही. वेळ, वायू, गरम पाणी, सगळं वरच्या माणसाच्या हातात असतं आणि तो कानात बोलत असतो. “मग घ्यायचं कशाला?” असं मी काकांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, खोलीत खिडकीबाहेर दिवस आहे की रात्र ते कळत नाही. जेवण कधी येणार ते बघायला.” डायलवर ४००० फूट, म्हणजे १२२० मीटर असं छापलं आहे. त्यावर त्यांचं मत आणखी थेट होतं: “एवढ्या खोल कोण मेलंय जायला!” खरंच कोणी गेलेलं नाही. १९८८ साली कोमेक्सच्या पाणबुड्यांनी भर समुद्रात ५३४ मीटरवर काम केलं आणि १९९२ साली त्यांच्यातलाच एक जण कोरड्या प्रयोगखोलीत ७०१ मीटरच्या दाबापर्यंत पोचला. बॉम्बे हायचा समुद्र शंभर मीटरही खोल नाही.

म्हणून तिथलं काम सोपं होतं असं मात्र नाही. २६ जुलै २००५चा पाऊस आपल्या सगळ्यांना आठवतो. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज बॉम्बे हायच्या तेल उपसणाऱ्या उत्तर फलाटाजवळ आलं असताना तेलवायूच्या उभ्या नळाला धडकलं आणि फलाट पेटला. २२ जणांचा जीव गेला. जहाजावर दाबाच्या खोलीत सहा पाणबुडे होते. जहाज सोडून जायची वेळ आली तेव्हा त्यांना बाहेर काढता येत नव्हतं, कारण त्या दाबावरून दार उघडणं म्हणजे त्यांना मारणंच. दीड दिवसाने त्यांची सुटका झाली, आणि पुढे ते जहाज बुडालं. काका तेव्हा निवृत्त झाले होते. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. पण त्या बारक्या झडपेकडे बघताना मला नेहमी ते दार आठवतं.

असो. टेबलावर पांढरं फडकं, वर घड्याळ, डोळ्याला दहापट भिंग.

जुन्या घड्याळात मी आधी डायल बघत नाही, केसच्या शिंगांकडे बघते. पट्टा जिथे अडकतो ते चार कोपरे. वरून बारीक सरळ रेघांचं घासकाम, बाजूने आरशासारखी चकाकी आणि दोन्हींच्या मधली धार. आपल्याकडे कुठल्याही घड्याळजीकडे घड्याळ दिलं की तो प्रेमाने ‘बफ मारून नव्यासारखं करून देतो’ म्हणतो आणि प्रत्येक बफमध्ये ही धार थोडी थोडी मरते. १६६००च्या शिंगांना आरपार भोकं आहेत, सबमरीनरची अशी भोकं २००३च्या आसपास बंद झाली. ही भोकं फार बोलतात. केस वारंवार घासली गेली असेल तर भोकांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात, शिंगं वरून भरीव आणि बाजूने हडकलेली होतात. काकांच्या घड्याळावर ओरखड्यांचं जाळं होतं, उजव्या शिंगावर तर पोलादी दाराचा चांगला खोल वण. पण भोकांच्या कडा कडक गोल. म्हणजे याला कधी बफ लागलेला नाही. मी एकदम खूश.

भोकांचा आणखी एक फायदा, बाहेरून सुई टोचली की पट्टा सुटतो, आत ओरखडा पडायचं भय नाही. पट्टा काढल्यावर शिंगांच्या बेचक्यात वर्षानुवर्षांच्या घामाचा आणि साबणाचा काळा चिकट थर होता. तो दातकोरणीने काढल्यावर बाराच्या बाजूला १६६०० आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक दिसला. सुरुवातीचं अक्षर डब्ल्यू. १९८७पासून रोलेक्सच्या अनुक्रमांकांना आधी आर, एल, ई, एक्स अशी आपल्याच नावातली अक्षरं लावली गेली (ओ मात्र वगळला), पुढे एन, सी, एस, डब्ल्यू असं चालत गेलं. डब्ल्यू म्हणजे १९९४-९५. काकांच्या सिंगापूरच्या आठवणीशी हे जुळत होतं.

मग डायल. खालच्या टोकाला ‘स्विस’च्या पुढे टी अक्षर आणि २५चा आकडा. म्हणजे ट्रिटियम, ठिपके अंधारात चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ, २५ मिलिक्युरीच्या आत. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षांचं. तीस वर्षांत पाचवा हिस्साही उरत नाही आणि त्याच्या माऱ्याने चमकणारी भुकटीही दमून जाते. ती आता अंधारात जवळजवळ मेलेली असते. पण उजेडात ती दुधावरच्या सायीच्या रंगाची झालेली असते आणि जमवणारे त्या रंगासाठी जीव टाकतात. काकांच्या डायलवरचे सगळे ठिपके एकसारखे सायीचे, एकही फुटलेला नाही, भोवतीची पांढऱ्या सोन्याची कडी काळवंडलेली नाहीत. आणि काटे? पांढरे शुभ्र. दिवा मालवला तर काटे हिरवे टवटवीत आणि डायल काळीठिक्कर.

“काका, हे काटे बदललेत.”

“बदलणारच. दिसत नव्हते. रात्री उठलं तर वेळ कळायला नको? डायलपण बदलतो म्हणत होता, मीच म्हटलं राहू दे.”

“बदलले नसते तर किंमत बरीच जास्त आली असती.”

काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे मला वेळ दिसायला लागली म्हणून घड्याळ स्वस्त झालं?”

हो. अगदी तसंच. काटे अस्सलच, फक्त नंतरच्या काळातले. बिल सांभाळून ठेवलेलं, पण काढलेले जुने काटे दुकानातच राहिले. घालणाऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा, जमवणाऱ्याच्या दृष्टीने हानी. बंद झालेल्या घड्याळाचं मोल करताना मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. बाजाराला ते घड्याळ कोणाच्याच हातात न गेलेलं हवं असतं आणि त्याच वेळी त्याच्यामागे पाणबुड्यांची गोष्टही हवी असते. कोमेक्सचं नाव डायलवर असलेल्या घड्याळांचे भाव साध्या घड्याळाच्या कित्येक पट होतात. काकांच्या कंत्राटदाराचं नाव कुठल्याही डायलवर छापलेलं नाही, त्यामुळे त्यांनी तेच काम केलं तरी त्याची किंमत शून्य. शिंगावरच्या त्या वणाला मी ‘खरा वण’ म्हणाले, तर दाखवायला नेलेल्या एका दलालाने त्याला ‘डॅमेज’ म्हटलं आणि दुसऱ्याच श्वासात बफ मारून देतो म्हणाला. त्याच्याकडून मी घड्याळ जवळजवळ हिसकावून घेतलं.

जुनं घड्याळ घेणाऱ्याने काटे बदललेत म्हणून हताश व्हायचं कारण नाही, पण डायल मात्र डोळे फोडून बघायची. आपल्या मुंबईची या बाबतीत जगभर कीर्ती आहे. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेल्या डायल बसवून विकलेल्या घड्याळांना परदेशातले लोकही ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. साध्या घड्याळांत ते रंगीबेरंगी प्रकार गोडही वाटतात, पण लाखांच्या मालात तीच कला जरा सफाईने केलेली असते. भिंगाखाली छापील अक्षरांची कड बघायची. अस्सल छपाई किंचित उंच आणि धारदार असते, रंगवलेली अक्षरं कडेला पसरतात. मागचं झाकण बघायचं. त्यावर गोलाकार कोरलेली झडपेची जाहिरात घासकामात पुसट झाली असेल, तर बाकी केसचंही काय झालं असेल ते कळतं. चावीवर मुकुटाखाली तीन ठिपके हवेत.

चाल तपासण्यासाठी काकांनी घड्याळ काही दिवस माझ्याकडे ठेवलं. तपासायचं म्हणजे घालायचंच. माझं मनगट बारीक, त्यावर हे घड्याळ म्हणजे पाटावर ठेवलेला गॅस सिलिंडर. मागचं झाकण फुगीर असल्याने ते हातावर टेकत नाही, तरंगतं, आणि पट्टा जरा सैल झाला की डोकं जड होऊन बाहेरच्या बाजूला कलंडतं. कुडत्याची बाही त्यावर जात नाही. लोकलमध्ये दांड्याला धरलं की घड्याळ आधी आपटतं, मग हात. पट्टा बंद करायची कडी पत्र्याची घडीव आहे, हलवली की डब्यात नाणी टाकल्यासारखी वाजते. पट्ट्याची केसजवळची टोकंही २०००च्या सुमारास भरीव झाली, ही त्याआधीची पोकळ. आजच्या नव्या रोलेक्सची कडी एकदा हाताळलेल्या माणसाला हा पट्टा या किमतीत लाज आणेल असा वाटतो. मला तो आवडला. हलका आहे, केस ओढत नाही, आणि पट्टा आडवा धरला तर तीस वर्षांच्या मानाने तो फार लोंबत नव्हता.

पण डायल! भिंगाचा फुगवटा नसल्याने काचेवरून नजर अडखळत नाही. काच जाड आणि सपाट, तिरपं बघितलं तर कडेला पाण्यासारखी खोली दिसते. २०१७ साली सी-ड्वेलरला ५० वर्षं झाली म्हणून ४३ मिलिमीटरची नवी आवृत्ती काढली आणि तिच्या काचेवर पहिल्यांदा ते भिंग बसवलं. ज्यांना इतकी वर्षं भिंग नसणं हेच या घड्याळाचं सौंदर्य वाटत होतं, त्यांनी बरीच आदळआपट केली. मी त्यांच्या बाजूची. २००८ साली याच्या जागी आलेलं डीपसी तर ३९०० मीटरचं. ते मी एकदा हातात घालून बघितलंय, व्यायामाला चांगलं आहे.

मशीनबद्दल फार चिंता नव्हती. ३१३५ या क्रमांकाचं हे मशीन रोलेक्सने १९८८पासून तीसेक वर्षं डेटजस्टपासून सबमरीनरपर्यंत सगळ्यांत घातलं. घड्याळ बंद झालं तरी मशीन माहीत असलेले हात खूप आहेत, हा बंद झालेल्या घड्याळाचा सगळ्यात मोठा आधार. दिवसाला काही सेकंद मागे पडत होतं आणि तपासणीच्या यंत्रावर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या चाकाचा झोका, २२० अंशांच्या आसपास, जरा कमीच. तेल सुकलेलं, दुसरं काही नाही. या मशीनचं एकच दुखणं नीट बघायला लागतं. रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनाचा, आस तेलाविना झिजला की रोटर खाली कलतो आणि मशीनवर घासत फिरतो. म्हणून झाकण उघडल्यावर मी आधी रोटरखाली पितळी धूळ आहे का ते बघितलं. नव्हती. रबरं मात्र दगड झाली होती. या अवस्थेत १२२० मीटर सोडा, आपल्या जुलैतल्या पावसातही ते घालू नये.

काकांनी शेवटी विकलं नाही. ओव्हरहॉल झालं, रबरं बदलली, दाब तपासून झाला. काटे तेच ठेवले. सायीच्या रंगाची भुकटी लावून नव्या काट्यांना जुनं दाखवून देणारे कारागीर आहेत, पण ते सुचवायची माझी हिंमत झाली नाही. आता ते माझी मैत्रीण घालते, पट्ट्याच्या कड्या काढून. ऑफिसात कोणी ओळखत नाही म्हणून ती खूश आहे.

मला स्वतःला घ्यायचं झालं तर मी ट्रिटियमच्या मागे जाणार नाही. सायीचा रंग सुंदर असतो, पण त्याची किंमत देऊन वर तो उन्हापाण्यापासून जपत बसायचं, हे माझ्याने व्हायचं नाही. २००० नंतरचं घेईन, सुपर-ल्युमिनोव्हाचं, म्हणजे डायल आणि काटे दोन्ही अंधारात दिसतील, शिवाय पट्ट्याची टोकं भरीव. शिंगं जाड आणि ओरखडलेली असतील तर उत्तम, चकाचक असेल तर आधी संशय. बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची, ॲल्युमिनियमची कड उन्हाने जरा विटली असेल तर चालेल. खोका, हमीपत्र आणि घड्याळासोबत मिळणारा तो छोटा शोभेचा नांगर यांचे वेगळे लाखभर मागितले तर ते विकणाऱ्याकडेच राहू देईन. तेवढ्यात दोन ओव्हरहॉल निघतात.